परुळेकरांच्या पानातली जिलेबी

लग्नाच्या पंगतीत बसलं की दुसऱ्यांच्या पानात डोकावायची मला खोड आहे. खोड वाईट आहे, कबूल. आमच्या ह्यांनी तर मला कितीदा कोपराने ढोसलंय, "अगं, स्वतःच्या पानात बघ जरा." पण मी तरी काय करू? टेलिफोनच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेता घेता स्वभाव असा झाला, की मुळातच असा होता, देव जाणे. कोण भातावरचं तूप शेजाऱ्यापेक्षा कमी पडलं म्हणून हिरमुसतो, कोण कुरडई शेवटच्या घासासाठी राखून ठेवतो, हे बघितल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. आणि खरं सांगू? आमच्या समोरच्या दारातले परुळेकर मला जे काही कळले, ते त्यांच्या पानात डोकावूनच कळले.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग. आम्ही राहायला आलो तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. परुळेकर विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. शिडशिडीत अंगकाठी, कानावर पेन्सिल, आणि रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. बोलणं बेताचं. जिन्यात भेटले तर "काय वहिनी, पाणी आलं का?" यापलीकडे गाडी जायची नाही. पण लग्न म्हटलं की हा माणूस बदलायचा. त्यांच्या दरवाज्यामागे एक खिळा होता आणि त्या खिळ्याला लग्नपत्रिका तारखेप्रमाणे ओवलेल्या असायच्या. मे महिन्यात तो खिळा वाकायचा. ऑफिसातल्या शिपायाच्या भाचीचं लग्न असो की गावाकडच्या चौथ्या चुलत्याच्या नातवाचं, परुळेकर हजर.

"इतक्या लग्नांना जाता, कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं होतं.

"माणूस आपल्याला जेवायला नाही हो बोलवत, वहिनी," ते म्हणाले. "माझं घर कसं आनंदात आहे ते बघायला ये, म्हणून बोलावतो. मग जायला नको?"

पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते घाटकोपरला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न होतं. लाकडी टेबलांवर कागद अंथरलेला, त्यावर केळीची पानं, आणि परुळेकर बरोबर माझ्या समोर. शेजारी त्यांची बायको, सुमनवहिनी. जिलेबी आली. "वा! काय रंग आहे!" परुळेकर इतक्या मोठ्याने म्हणाले की वाढपी खूश झाला. त्यांनी एक जिलेबी वाढून घेतली, जेवायला सुरुवात करायच्या आधीच तिचा नखाएवढा तुकडा मोडून बाजूला ठेवला आणि उरलेली जिलेबी पानाच्या वरच्या कोपऱ्यात सरकवली. मग जेवायला लागले ते डावीकडून. आधी काकडीची कोशिंबीर, सगळी. मग पुन्हा मागून कोशिंबीर. मग उसळ. भाताची मूद त्यांनी निम्मीच ठेवायला लावली होती.

वाढपी दुसऱ्यांदा आला. "अहो, पानात आहे की! ती संपू दे," परुळेकर म्हणाले. तिसऱ्यांदा आला, तरी तेच. शेवटी खुद्द सेक्रेटरी ताट घेऊन आले. यजमान स्वतः आग्रहाला आला की माघार नसते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. "परुळेकर, माझ्या हातची एक."

"तुमचीच तर चालली आहे! बघा," परुळेकरांनी कोपऱ्यातल्या जिलेबीकडे बोट केलं आणि तो नखाएवढा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. सेक्रेटरी समाधानाने पुढे गेले.

इथपर्यंत ठीक. पण हात धुवायला उठलो तेव्हा परुळेकरांचं पान लख्ख. जिलेबी गायब. मी घारीसारखी नजर ठेवून बसले होते. त्यांनी ती खाल्लेली नव्हती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. मग गेली कुठे?

त्या मोसमातली पुढची तीन लग्नं मी याच विवंचनेत जेवले. खिशात घालतात म्हणावं, तर पाकाचा डाग पडला असता. टेबलाखाली टाकतात म्हणावं, तर अन्न टाकणाऱ्यातला हा माणूस नव्हे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू सीआयडीत जा." एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं की नवराबायको प्रत्येक पंगतीला शेजारी-शेजारीच बसतात. आमच्याकडे त्या वेळी बायका बायकांत बसायच्या. बिल्डिंगमध्ये यावरून दोघांची थट्टाही व्हायची, "अजून नवं नवं आहे वाटतं!"

उलगडा झाला तो भांडुपच्या एका लग्नाच्या दिवशी. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. बरोबरच निघायचं ठरलं होतं, म्हणून अकरा वाजता मी त्यांचं दार लोटलं. बघते तर परुळेकर करड्या रंगाच्या नव्या सफारीत, गळ्याशी टॉवेल खोचून, नाचणीची भाकरी आणि मुगाची उसळ खात बसलेले.

"अहो परुळेकर! लग्नाला निघालोय ना आपण?"

सुमनवहिनींनी कपाळाला हात लावला. परुळेकरांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दार लावा वहिनी. बसा."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार होता. त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, तोच होता. अण्णांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

"डॉक्टर म्हणतात साखरेने गेला," परुळेकर म्हणाले. "मी सांगतो, पाय आग्रहाने गेला. अण्णांना नको म्हणता यायचं नाही. कुणी जिलेबी उचलली की ह्यांचं तोंड उघडं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून खायचे."

"मग तुम्ही लग्नाला जाऊच नका ना," मी म्हटलं. मला तो उपाय अगदी सरळ वाटला.

परुळेकर हसले नाहीत. "अण्णा शेवटी जायचेच बंद झाले. खिडकीशी बसून असायचे. मग लोकांनी बोलवायचंही सोडलं. पाय गेला तेव्हा रडले नव्हते, पण घरच्याच वाडीतल्या लग्नाची पत्रिका आली नाही तेव्हा रडले. नाय वहिनी, माका पाय पण व्हयो, नि लग्नाक पण जावचा आसा."

परुळेकर मालवणीवर आले की समजावं, माणूस अगदी आतून बोलतोय. पायही हवा आणि लग्नंही हवीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि हे सगळं लपवायचं कशाला? तर वंदनासाठी. त्यांची एकुलती एक मुलगी एकवीस वर्षांची झाली होती, स्थळं येत होती. बापाला साखर आहे कळलं तर लोक म्हणणार, उद्या पोरीलाही होईल. परुळेकरांनी मला चक्क हात जोडले. मी शपथ घेतली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे उभ्या बिल्डिंगला माहीत, तरी ही एक गोष्ट मी तब्बल दोन वर्षं पोटात ठेवली. त्या दोन वर्षांत मला ॲसिडिटी झाली ती त्यामुळेच, असं माझं अजूनही मत आहे.

"पण ती जिलेबी जाते कुठे?" मी विचारलंच.

"इथे," म्हणत सुमनवहिनींनी आपल्या पोटावर हात ठेवला. "उष्टी व्हायच्या आधी तुकडा मोडतात ना, तो ह्यांचा. बाकी शेवटी गुपचूप माझ्या पानात. ह्यांची साखर उतरते आणि माझी साडी आखूड होते, असं चाललंय दोघांचं!"

त्यानंतर मी शिष्यासारखी त्यांच्या मागे लागले. घरून अर्धी भाकरी खाऊनच का निघायचं? कारण भुकेलेल्या माणसाचं पोट त्याच्या तोंडाआधी हो म्हणतं. पानात डावीकडूनच का? कारण आपल्या पूर्वजांनी चटणी-कोशिंबीर डावीकडे मांडली आणि आपण मात्र थेट उजवीकडे धाव घेतो. डावी बाजू संपवून उजवीकडे यावं तोवर निम्मी भूक गेलेली असते. पंगतीच्या टोकाला का बसायचं नाही? वाढपी टोकाला थांबतो आणि गप्पा मारत वाढतो, मध्ये तो घाईत असतो. जवळच्या नात्यातलं लग्न असलं की परुळेकर सरळ बाह्या सरसावून ताटच हातात घ्यायचे. "आग्रह करणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही," म्हणायचे. आणि आग्रह करावा तर त्यांनीच. समोरच्याच्या पोटात जागा किती आहे ते ते त्याच्या पानावरून ओळखायचे, आणि जागा असलेल्याला सोडायचे नाहीत.

मी पुढच्याच लग्नात हे सगळं करून बघायला गेले. भाकरी खाऊन निघाले, डावीकडून सुरुवात केली, आणि नवरीची आई समोर आली तशी म्हटलं, "बरं, अर्धी वाढा." तिने दोन टाकल्या. एकूण पाच खाल्ल्या. परुळेकरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अर्धी म्हणू नये हो. अर्धी म्हणजे हो."

"मग काय, नको म्हणायचं?"

"ते मलाही जमत नाही," ते म्हणाले. "नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून तर ही सगळी कवायत."

जेवल्यावर बाकीचे रिक्षा शोधत, पान चघळत उभे असायचे. हे नवराबायको चालायला लागायचे. भांडुपच्या लग्नाहून ते नाहूरमार्गे मुलुंडपर्यंत चालत आले होते, वहिनींच्या हातात चपला. आम्ही रिक्षातून त्यांना मागे टाकलं तेव्हा परुळेकरांनी एखाद्या वरातीला करावा तसा हात केला.

वंदनाचं लग्न ठरलं बोरिवलीच्या दळवींकडे. मुलगा बँकेत. मुलाचे वडील भरभक्कम, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे. "आम्हाला काही नको, फक्त मानपान नीट व्हायला हवा," हे त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. त्यामुळे परुळेकर आधीपासूनच धास्तावलेले होते.

लग्न मुलुंडलाच लागलं. सगळं निर्विघ्न पार पडलं आणि शेवटची, विहिणीची पंगत बसली. ही पंगत मानाची. पानाभोवती रांगोळ्या, उदबत्त्या, आणि मुलीचे आईवडील स्वतः वाढायला. व्याह्यांना मुलीच्या बापाने आपल्या हाताने आग्रह करायचा, हा त्या पंगतीतला सगळ्यात मोठा मान. परुळेकर पुढे जिलेबीचं ताट घेऊन आणि मागे मी कोशिंबिरीचं पातेलं घेऊन, अशी आमची वरात निघाली. परुळेकर रंगात होते. आक्कांना त्यांनी तीन वाढल्या, आक्का "नको नको" म्हणत तिन्ही खात्या झाल्या. मग ते दळवींपुढे आले, वाकले, जिलेबी उचलली आणि तशीच हातात धरून थांबले.

माझी खोड मला गप्प बसू देईना. मी त्यांच्या खांद्यावरून दळवींच्या पानात डोकावले. डावी बाजू स्वच्छ. भात निम्मा. वरच्या कोपऱ्यात एक अख्खी जिलेबी, आणि तिच्या शेजारी नखाएवढा मोडलेला तुकडा. दळवींना चिकटून त्यांची बायको बसली होती.



"वाढा ना व्याही," दळवी म्हणाले. आवाज मोठाच होता, पण कपाळावर घाम दिसत होता.

परुळेकरांनी जिलेबी ताटात परत ठेवली. "ह्यांच्या पानात आहे," ते म्हणाले. "पुढे चला, वहिनी."

आक्कांनी घास खाली ठेवला. "अगो बाई! व्याह्याला आग्रह नाही? आमच्या भावाच्या पानावरून ताट परत नेलं?" वंदनाने मान खाली घातली. सुमनवहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. मुलगी अजून सासरच्या उंबऱ्यावरही गेली नव्हती आणि हे असं झालं होतं. परुळेकरांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता, सगळं निस्तरलं असतं. पण ते वाक्य दळवींच्या गुपिताचं होतं. परुळेकरांनी ताट टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. "चुकलं माझं, आक्का."

"चुकलं तर आता वाढा!"

"नाही वाढत," परुळेकर म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. साधी एक जिलेबी, वाढून मोकळं व्हायचं. खाणारा बघेल काय करायचं ते.

तेवढ्यात दळवी उठले. भरल्या पंगतीतून उठले. आता हा माणूस रागावून जाणार, म्हणून दोन-तीन जण धावले. पण दळवी माझ्यापाशी आले, डावा हात पुढे करून माझ्याकडून पातेलं घेतलं, आणि परुळेकरांना म्हणाले, "बसा माझ्या जागी." परुळेकर गोंधळून बसले. नवं पान आलं. दळवींनी दोन डाव कोशिंबीर त्या पानाच्या डाव्या बाजूला वाढली आणि खाली वाकून हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं झाली?"

"सहा," परुळेकर म्हणाले.

"माझी नऊ. लपवलंत?"

"पोरीसाठी. तुम्ही?"

"पोरासाठी."

हे फक्त मी ऐकलं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जे हसायला लागले, ते थांबेचनात. परुळेकरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्का एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी समोरची जिलेबी उचलली आणि खायला सुरुवात केली.

लग्नानंतरच्या रविवारी सगळं उघड झालं आणि आकाश काही कोसळलं नाही. वंदनाने तर नवऱ्याला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. "बाबांची भाकरी मीच थापत होते ना," ती मला म्हणाली. म्हणजे माझी ॲसिडिटी फुकटच गेली.

पुढची चार-पाच वर्षं ही व्याह्यांची जोडी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत गाजली. दोन्हीकडच्या प्रत्येक लग्नात शेजारी बसायचे आणि भांडल्यासारखा एकमेकांना आग्रह करायचे.

"घ्या हो व्याही, माझ्यासाठी एक!"

"नको!"

"अहो, माझा मान आहे!"

"नको म्हणजे नको!"

लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे. प्रेम होतंच. परुळेकरांनी मला एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, "वहिनी, जन्मात पहिल्यांदा मला तोंडाने नको म्हणता येतंय. आणि समोरच्याचा चेहरा पडत नाही, उलट फुलतो." ते सांगताना कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवत होते. एवढं बोलताना मी त्यांना जिन्यात कधी पाहिलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात दळवी गेले. झोपेतच गेले. परुळेकर तेराव्याला जाऊन आले आणि नंतर महिनाभर दरवाज्यामागच्या खिळ्याला हात लावला नाही, असं सुमनवहिनी म्हणाल्या. मला अण्णांची खिडकी आठवली. म्हणून माझ्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः नेऊन त्या खिळ्याला अडकवली. "यायलाच पाहिजे," म्हटलं. "नाहीतर मी बोलायची नाही."

ते लग्न अंधेरीच्या एका नव्या हॉलमध्ये होतं. पंगत नव्हती. बुफे होता. तोवर बुफेचं वारं आमच्याकडेही येऊन पोचलं होतं. भिंतीलगत लांबलचक टेबलं, त्यावर झाकणाची भांडी, आणि माणसं हातात प्लेट घेऊन रांगेत. वाढपी नाही, यजमान नाही, डावं नाही, उजवं नाही. ज्याला जे हवं त्याने ते घ्यावं. आमचे हे खूश होते. मी माझ्या खोडीप्रमाणे प्लेटांतून नजर फिरवत होते. तेव्हा खांबाशी एकटे उभे असलेले परुळेकर दिसले. तीच करडी सफारी, आता थोडी सैल झालेली. हातात प्लेट. प्लेटमध्ये तीन गुलाबजाम, आणि दुसरं काही नाही.

मी धावतच गेले. "परुळेकर! अहो हे काय?"

ते दचकले. प्लेटकडे अशा नजरेने बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या हातात दिली असावी. "केव्हापासून उभा आहे वहिनी," ते म्हणाले. "एकाने विचारलं नाही. घ्या म्हणालं नाही कोणी. नको म्हणायचं ते कोणाला?" मग म्हणाले, "दळवी असते तर..."

वहिनी लांब, वंदनाच्या मुलाला भरवत बसल्या होत्या. गुलाबजाम पाकात चमकत होते आणि परुळेकरांच्या हातातला चमचा त्यांच्यापासून चार बोटांवर होता.

"वहिनी," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "जरा आग्रह करा हो."

"काय?"

"करा. जोरात करा."

मला कळलं. मी शेजारच्या भांड्यातला मोठा चमचा उचलला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घ्या परुळेकर! माझ्या भाच्याचं लग्न आहे, आणखी एक घ्यायलाच हवा! माझा मान आहे!"

परुळेकर ताठ झाले. प्लेट बाजूच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात आडवे धरले, आणि चेहरा असा फुलला की त्या वाकड्या खिळ्यावर पहिली पत्रिका अडकवतानासुद्धा मी तो तसा बघितला नव्हता.

"नको!" ते म्हणाले. "नको म्हणजे नको!"

आणि कोशिंबिरीच्या भांड्याकडे चालायला लागले, दोन्ही पायांवर, ताड ताड.